चार बोटांची चोरपेटी

आयुष्यात माझा जाहीर सत्कार एकदाच झाला. शाल होती, नारळ होता, टाळ्या होत्या, आणि ज्या हुशारीसाठी हे सगळं चाललं होतं तिच्यासाठी खरं तर मला धरून ठाण्यात न्यायला हवं होतं. आज मी हे हसत सांगतो. त्या दिवशी मात्र शालीच्या आत मला दरदरून घाम फुटला होता.

केशोरीच्या रस्त्याला माझं वेल्डिंगचं दुकान होतं. दुकान म्हणजे चार बल्ल्या, वर टिनाचे पत्रे आणि मध्ये मी. धानाच्या हंगामात ट्रॉल्यांची तुटलेली डालं, म्हणजे मागची पडती दारं, यायची, एरवी खिडक्यांच्या जाळ्या आणि फाटकं. विजेची लाइन असली तर काम, नसली तर समोरच्या टपरीवर चहा. त्या टपरीवर बसून मी रोज एकच तक्रार करत असे, की माझ्या हाताला साजेसं काम या भागात येतच नाही. ऐकणारे माना डोलवत, कारण चहा मी पाजत असे.

आमच्याकडून थोडं पुढे गेलं की गडचिरोली जिल्हा लागतो. तिकडे दारूबंदी, इकडे दुकानं उघडी. मध्ये जंगलातला रस्ता आणि एक नाका. नाक्यावरचे शिपाई कधी पिशव्या बघत, कधी ताडपत्री उचलत, कधी नुसतंच तोंडाकडे बघत.

माझी थोरली बहीण त्या पलीकडच्या जिल्ह्यात दिलेली. आमच्याकडे थोरल्या बहिणीला बाई म्हणतात. आई लवकर गेली, त्यामुळे मला न्हाऊमाखू घालण्यापासून ते पाटीवर अक्षरं गिरवून घेण्यापर्यंत सगळं बाईनंच केलं. भाऊजी माणूस चांगला, पण लग्नानंतर दोनेक वर्षांत प्यायला लागले ते पीतच राहिले. मग तिकडे दारू बंद झाली. भाऊजी स्वभावानं अतिशय आळशी. दारूसाठी सायकल हाणत जिल्ह्याबाहेर जायचं आणि तशीच हाणत परत यायचं, हे त्यांच्यानं होण्यासारखं नव्हतं. त्या आळसानं बाईचं घर सावरलं. सहा-सात वर्षं भाऊजी घरी राहिले, बांधावर तुरी लावल्या, परसात वांगी लावली. बाई अंगानं भरली. हसायला लागली. मी गेलो की भाऊजी मला वांगी दाखवत आणि मी खोटं खोटं कौतुक करत असे, कारण वांगी किडकी असत.

दोन हजार साल उलटून गेलं होतं तेव्हाची गोष्ट. एक काळीपिवळी जीपवाला दुकानात आला. गोंदियाचा माणूस, तोंडात कायम तंबाखूचा खर्रा. तो आमच्याकडून नाक्यापलीकडच्या गावांना सवाऱ्या नेत असे. जीपच्या मागच्या भागात समोरासमोर दोन लांब बाकं असतात आणि मध्ये पाय ठेवायची जागा. त्या जागेकडे बोट दाखवून तो म्हणाला, “भैया, इसके नीचे एक पेटी बनाओ. ऐसी बनाओ कि हमको भी ढूँढनी पड़े.”

“कायले पाहिजे?” मी विचारलं.

“टिफिन रखने को,” तो म्हणाला आणि बाजूला पिंक टाकली.

मी त्या दिवशी इतका भोळा झालो की आजही माझं मला नवल वाटतं. एरवी कोणी दाराला दोन कब्जे उसने मागितले तरी मी दहा प्रश्न विचारत असे. इथे साडेसहा फूट लांबीचा टिफिन मी मुकाट्यानं मान्य केला. खरं सांगायचं तर ‘हमको भी ढूँढनी पड़े’ एवढंच मला ऐकू आलं होतं. शेवटी कोणीतरी माझ्या हाताची कसोटी बघायला आलं होतं.

जीपच्या मूळ तळावर चार बोटं अंतर सोडून मी दुसरा तळ बसवला. जोड ग्राइंडरनं घासून काढला, वर लांबी म्हणजे पुट्टी भरली, जुना रंग मिळवून लावला आणि त्यावर मुद्दाम चिखल फासला. उघडायची युक्ती बाकाच्या पायात ठेवली. डाव्या बाकाच्या पायाला ओळीनं बोल्ट होते. त्यातला तिसरा उलटा अर्धा फिरवून खाली दाबला की तळाची एक बाजू झाकणासारखी उचलली जाई. तळ काठीनं ठोकला तर पोकळ वाजेल म्हणून बाटल्यांच्या मध्ये धानाच्या कोंड्याच्या पिशव्या घालायला मीच सुचवलं. टिफिनला कोंडा कशाला, हा प्रश्न जीपवाल्यानं मला विचारला नाही आणि मीही स्वतःला विचारला नाही.

पहिल्या खेपेला मी त्याच जीपमध्ये सवारी म्हणून बसून नाक्यापर्यंत गेलो. दुकान बंद करून, धुतलेला शर्ट घालून. शिपायानं सगळ्यांना उतरवलं, तळ काठीनं ठोकला, बाकाखाली वाकून पाहिलं आणि “जाऊ दे” म्हणाला. मला इतका आनंद झाला की मी त्या शिपायाला उगाचच नमस्कार केला. मॅट्रिकला पास झालो तेव्हाही एवढं बरं वाटलं नव्हतं. अर्थात तेव्हा मी दुसऱ्या खेपेला पास झालो होतो.

मग एकाचं पाहून दुसरा आला. होता होता सहा जीपा झाल्या. मनाला टोचणी नव्हती असं नाही, पण तिच्यावर मी उपाय शोधला होता. मी पेटी बनवतो, तीही रिकामी. रिकाम्या पेटीचा काय गुन्हा? कपाट बनवणारा सुतार कपाटात काय ठेवलं जाईल ते विचारतो का? हा मुद्दा मी टपरीवर एका निवृत्त हवालदारापुढे, दुसऱ्याच कोणाचं उदाहरण असल्यासारखा मांडला. तो म्हणाला, माल सापडला तर गुन्हा, रिकाम्या डब्याला कोण पकडतो. त्या दिवशी मी त्याला भजीही खाऊ घातली.

त्या वर्षी भाऊबीजेला बाई आली ती वाळलेली. जेवणं झाल्यावर तिनं सांगितलं, भाऊजी पुन्हा सुरू झाले.

“आता सायकल हानाची गरजच नाही ना,” बाई म्हणाली. “दारू घरापर्यंत येऊन राहिली. पाव बाटलीचे पव्वे येतात, कोन आनते, कसे आनते, काही समजत नाही. नाक्यावर तर सारं तपासतात म्हने.”

मी पान लावत होतो. चुना जास्त लागला, तोंड भाजलं, पण थुंकायला उठलो नाही. उठलो असतो तर तिनं तोंडाकडे बघितलं असतं.

मग ती गुडघे चोळत म्हणाली, “आन त्या गोंदियावाल्याच्या जीपीत बसून गुडघे दुखून राहिले. दुसऱ्या जीपीत असं होत नाही. हिच्यात गुडघे वर येतात, पार छातीशी. काऊन असन गा?”

आता इथे मी भाऊ म्हणून काय विचार केला ते सांगायला हवं. भाऊ म्हणून मी काहीच विचार केला नाही. मी कारागीर म्हणून विचार केला. तळ चार बोटं वर आला, बाक तिथंच राहिलं, मग बसणाऱ्याचे गुडघे वर जाणारच! मी सगळं मापलं होतं ते शिपायाच्या डोळ्यासाठी आणि त्याच्या काठीसाठी. बसणाऱ्या बायकांच्या गुडघ्यांचं माप माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. समोर माझी बहीण डोळे पुसत होती आणि मी मनात बाक किती उचलावं याचा हिशेब करत होतो. त्यानंतरच्या, म्हणजे सहांतल्या शेवटच्या दोन जीपांत मी बाकंही चार बोटं वर घेतली. मग उंच माणसांची डोकी वर टपाच्या दांडीला आपटायला लागली. ती चूक कशी काढावी, यावर मी आठवडाभर डोकं खाजवलं.

इकडे बाईनं आपला प्रश्न सोडला नव्हता. तिच्या गावात बायकांचा बचत गट होता. तिथं तिनं गुडघ्यांची गोष्ट काढली तर आणखी तिघी म्हणाल्या, हो, आमचेही गुडघे वर येतात, त्याच जीपीत. पोलिसांना काठीनं, उजेडात, वाकून, सरळ बघून जे सापडलं नव्हतं ते त्या बायकांनी नुसतं बसून शोधलं. त्यांनी एका साध्या जीपमध्ये बांबूची कामटी उभी धरून तळापासून बाकापर्यंतचं माप घेतलं, कामटीवर कुंकवाची रेघ मारली आणि ती कामटी घेऊन त्या एकेक जीप मापायला लागल्या. माझ्या जीपपाशी रेघ बाकाच्या वर चार बोटं उरली.

पण तळ उघडायचा कसा, ते कोणाला येईना. तेव्हा बाईनं ग्रामसभेत अभिमानानं सांगितलं, माझा भाऊ वेल्डर आहे, लोखंडाचं त्याला सारं समजतं. निरोप आला. मी तापाचं निमित्त काढलं. दुसरा निरोप आला की ताप उतरल्यावर ये, सभा पुढे ढकलली आहे. आता माझ्यासाठी सभा पुढे ढकलली जावी एवढा मी मोठा झालो होतो. मला जावं लागलं.

सभा शाळेच्या ओसरीवर सकाळी भरली. आधी माझा सत्कार झाला. शाल सरपंचांनी दिली आणि नारळ बाईच्या हातून दिला. मग ठराव वाचला गेला. गावात चोरपेटी असलेली गाडी थांबणार नाही, पेटी भरलेली असो की रिकामी, आणि अशी पेटी बनवणाऱ्याला गावातलं कोणतंही काम मिळणार नाही. ‘रिकामी’ हा शब्द ऐकला आणि माझ्यातला वकील जागा झाला. गप्प बसायची एवढी चांगली संधी आयुष्यात पुन्हा आली नसती, पण मी शालीसकट उभा राहिलो.

“पन रिकाम्या पेटीचा काय गुन्हा?” मी म्हणालो. “कायद्यात तर तसं नाही. माल सापडला तरच गुन्हा.”

पुढे एक म्हातारी पाय पसरून बसली होती. ती म्हणाली, “रिकामीच ठेवाची असन तर लपवते कायले बाबू?”

सगळे हसले. मीही हसलो. इतक्या महिन्यांचा माझा कायदा त्या म्हातारीनं बसल्या जागी निकालात काढला. सगळ्यांनी हात वर केले आणि ठराव पास झाला. मीही हात वर केला, नाहीतर शोभलं नसतं.

तेवढ्यात ती पहिली जीप आली. बायकांनी आधीच रस्त्यावर बैलगाडी आडवी लावून ठेवली होती. जीपवाला खाली उतरला, हात जोडून म्हणाला, देख लो माताजी, कुछ नहीं है. सवाऱ्या उतरल्या. गावचा पोलीस पाटील आणि सारी ग्रामसभा गोळा झाली, आणि बाईनं माझ्या हातात पाना दिला.

या जागी थोडी अक्कल असलेल्या माणसानं काय केलं असतं? त्यानं आधी चाकं बघितली असती. तळ ठोकला असता, कान लावला असता, चार चुकीचे बोल्ट फिरवून बघितले असते, घाम पुसला असता, पाणी मागितलं असतं. घटकाभर शोधून “नाही बा सापडत” म्हणून हात वर केले असते तरी चाललं असतं. मी काय केलं? मी आत चढलो, डाव्या बाकाच्या पायाचा तिसरा बोल्ट उलटा अर्धा फिरवला, दाबला आणि तळ उचलला. चहा प्यायला जितका वेळ लागतो त्याच्या निम्माही लागला नाही. हातानं केलेलं काम हाताच्या लक्षात असतं, हे मी कधी ध्यानातच घेतलं नव्हतं.

कोंड्यात रुतून बसलेले पव्वे दिसले आणि टाळ्या पडल्या. जीपवाला माझ्या शेजारी उभा होता. तो मान खाली घालून हळूच म्हणाला, “भैया, थोड़ा ढूँढ तो लेते.”

त्याच्या पलीकडे बाई उभी होती, तिलाही ते ऐकू गेलं. कामटी तिच्याजवळच होती. टाळ्या वाजवण्यासाठी ती कामटी तिनं काखेत धरली होती, पण टाळी वाजवलीच नाही.

पोलीस आले, पंचनामा झाला, जीप गेली. जीपवाल्यानं माझं नाव सांगितलं नाही. का सांगितलं नाही ते मला माहीत नाही. मी मात्र बाईच्या मागं मागं तिच्या घरी चालत निघालो. वाटेत लोक मला नमस्कार करत होते. बाई मागं न बघता चालत होती.

घरी भाऊजी खाटेवर होते. पोट फुगलेलं, पाय सुजलेले, डोळे पिवळे. मी त्यांना दिवाळीच्या आधीपासून पाहिलं नव्हतं. दुकानात काम फार आहे, असं मी कळवत होतो.

बाईनं मला विचारलं, “किती बनवल्या?”

“सहा.”

“यायले सांग.” तिनं भाऊजींकडे बोट केलं. “माह्यासमोर सांग.”

मी सांगितलं. पहिल्या जीपपासून कोंड्याच्या पिशव्यांपर्यंत सगळं. सांगताना मला रडू येईल असं वाटलं होतं, पण आलं नाही. भीती वाटत होती फक्त. भाऊजी शांतपणे ऐकत होते. मग ते हसायला लागले, आणि हसताना त्यांना ठसका लागला.

“म्हंजे मी इतके दिवस सासुरवाडीचंच पिऊन राहिलो होतो का गा?” ते म्हणाले. “आन मी त्या जीपवाल्याले पैसे देत होतो!”

मलाही हसू आलं. बाई हसली नाही. तिनं भाऊजींसमोर पाणी ठेवलं, माझ्यासमोर ठेवलं नाही.

“बाकीच्या पाच,” ती म्हणाली. “उद्या सकाळी दाखवशील.”

मी दाखवल्या. गॅस कटर माझाच, सिलिंडर माझं, आणि मापायला बायका. आठ-दहा दिवसांत पाचही जीपा सापडल्या आणि मी माझ्या हातानं माझे तळ कापले. एक जोड कापताना इतका सुबक दिसला की मी क्षणभर थांबलो. “काऊन थांबला?” बाईनं विचारलं. मी म्हणालो, धूर डोळ्यात गेला. जीपवाले माझ्याकडे यायचे बंद झाले. ठरावाप्रमाणे बाईच्या गावातलं कामही गेलं. तिथल्या शाळेच्या फाटकाचं काम माझ्या हातून काढून घ्या, असं सभेत बाईनंच उभं राहून सांगितलं.

दारू थांबली म्हणाल तर काही महिने थांबली. मग कोणी दुधाच्या कॅनमधून आणू लागलं, कोणी मोटारसायकलच्या सीटखालून. भाऊजींना त्याचा काही उपयोग नव्हता. त्यांचं पोट पुन्हा उतरलंच नाही. मी त्यांना गोंदियाच्या दवाखान्यात नेलं, दोनदा, तीनदा. डॉक्टरांनी लिव्हर गेलं म्हणून सांगितलं. पुढच्या पोळ्याच्या आधी भाऊजी गेले.

तेराव्याला मी बाईच्या दारात एका बाजूला बसून होतो. गर्दी पांगली तशी ती माझ्याजवळ येऊन बसली. सहा-आठ महिन्यांत ती माझ्याजवळ अशी बसली नव्हती. तिनं माझ्या पाठीवर हात ठेवला. मग म्हणाली, “तुह्याच पेटीतली होती असं काही नाही. दुसरेही कोनी बनवत असन.”

ती हे माझ्यासाठी बोलत होती, हे मला कळत होतं. त्या काळात या भागात दुसरं कोणी असल्या पेट्या बनवतं का, याची मी अर्जुनीपासून गोंदियापर्यंत चौकशी केली होती. धंद्यातल्या मत्सरापोटी केली होती. कोणीही नव्हतं.

मी बाईला म्हणालो, “हो, असतील.”